हंगामात हरवणाऱ्या नोंदी : एका तालुक्यातल्या क्षयरुग्णांच्या पाठपुराव्याचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातली जिल्ह्याची, तालुक्याची आणि माणसांची नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. लहान तालुक्यात नुसत्या आकड्यावरूनही माणूस ओळखता येतो. त्यामुळे रुग्णांचे नेमके आकडे दिलेले नाहीत, फक्त प्रमाण सांगितलं आहे. नोंदी जुळवणाऱ्या गटात मी होते.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातला एक जिल्हा आणि त्यातला एक तालुका. दसरा-दिवाळी झाली की इथली गावं निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न ऑक्टोबरमध्ये उरलेलाच नसतो.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं, आणि त्या रोज घ्यायच्या असतात. दोन महिने झाले की थुंकी पुन्हा तपासायची, उपचार संपताना आणखी एकदा. आता हे वेळापत्रक हंगामाशेजारी ठेवून पाहा. सप्टेंबरमध्ये निदान झालेला माणूस पहिल्या टप्प्यातच गाव सोडतो. त्याची फेरतपासणी येते तेव्हा तो उसाच्या फडात असतो आणि उपचार संपायला येतो तेव्हाही बहुधा तिथेच.

नोंदी तीन ठिकाणी होतात. निदान ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा ट्रूनॅट या जनुकीय चाचणीच्या यंत्रावर. तिथलं लॅब रजिस्टर वेगळं. मग निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होऊन रुग्णाला आयडी मिळतो. औषध मात्र गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंच्या हातून जातं आणि त्याचं उपचार कार्ड तिथे राहतं. या तिन्हींची गाठ घालणारी माणसं तालुक्याच्या क्षयरोग पथकात दोनच : उपचार पर्यवेक्षक आणि प्रयोगशाळा पर्यवेक्षक. सगळे त्यांना एसटीएस आणि एसटीएलएस म्हणूनच हाक मारतात. दोघांच्या वाट्याला सगळा तालुका आणि एकेक मोटरसायकल.

अडचण कशी लक्षात आली

तिमाही आढाव्यात या पथकाचं नाव दरवर्षी एकाच कारणाने निघायचं. पावसाळ्याच्या शेवटी उपचार सुरू झालेल्या रुग्णांमध्ये ‘उपचार सोडलेले’ आणि ‘परिणाम नोंदवणे बाकी’ या दोन रकान्यांत बाकी तालुक्यांच्या मानाने फार नावं असायची. त्यावर ठरलेलं स्पष्टीकरणही होतं : स्थलांतरित आहेत, ऐकत नाहीत, गोळ्या टाकून देतात.

हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही. ज्या बाईने थुंकीच्या दोन नमुन्यांसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवली, ती बरी व्हायची इच्छा नसलेली कशी असेल? शिवाय हिशेबही बसत नव्हता. गावात चौकशी केली की घरचे सांगायचे, ती बरी आहे, गोळ्या घेते. निक्षयवर मात्र तीच बाई उपचार सोडलेली.

मग जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांनी ठरवलं की एका तालुक्याच्या, एका हंगामाच्या नोंदी नावानिशी जुळवून पाहायच्या.

पहिल्याच दिवशी तिन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की नावं जुळतच नाहीत. लॅब रजिस्टरमध्ये बाई माहेरच्या आडनावाने आहे, कारण तिला माहेरच्या आशाताईंनी आणलं होतं. निक्षयवर आधारप्रमाणे सासरचं नाव. उपचार कार्डावर घरी हाक मारतात ते नाव आणि वयात पाच-सात वर्षांचा फरक. गावाच्या रकान्यात कुठे माहेर, कुठे सासर, कुठे नुसतं तांड्याचं नाव. आणि सगळ्यांत मोठी गोम मोबाईलच्या रकान्यात होती. वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच रुग्णांपुढे एकच क्रमांक होता. तो मुकादमाचा निघाला.

हा क्रमांक रुग्णांनीच दिला होता, कारण हंगामात निरोप पोहोचण्याची त्यांना खात्री असलेला तेवढाच एक फोन. पण त्याने दोन गोष्टी झाल्या. एक, संगणकाला वेगवेगळी माणसं एकच वाटायला लागली. दुसरी जास्त गंभीर : पथकातून त्या क्रमांकावर आठवणीचे फोन जात होते. म्हणजे टोळीत कुणाला टीबी आहे हे आपणच मुकादमाला कळवत होतो. मुकादमाने त्या जोडीला टोळीतून काढलं तर उचल अंगावर राहते. हे ठाऊक असलेली बाई नव्या दवाखान्यात आधीच्या उपचाराबद्दल बोलत नाही, यात नवल काय?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नियमाला धरून आणि सर्वांत सोपा होता. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या व्याख्येनुसार उपचार सलग एक महिना किंवा त्याहून जास्त खंडला तर रुग्ण ‘उपचार सोडलेला’ ठरतो. (जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत हीच मुदत दोन महिन्यांची आहे. आपली मुदत त्याहून कडक आहे.) आपल्या केंद्रातून महिनाभर औषध गेलं नाही, म्हणजे खंड पडला असं धरून नोंदी बंद करायच्या. यात चुकीचं गृहीतक एकच : आपल्या कपाटातून औषध गेलं नाही म्हणजे माणसाने ते घेतलंच नाही.

दुसरा पर्याय जिल्हा कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने मांडला. निक्षयची यादी उतरवून घ्यायची, फोन, वय आणि नावाचा काही भाग जुळवायचा आणि दुहेरी वाटणाऱ्या नोंदी एकदम एकत्र करायच्या. दोन दिवसांचं काम. पण मुकादमाचा क्रमांक सगळ्यांपुढे असताना ही पद्धत धोक्याची होती. यादीत एक नवराबायको असे होते की दोघांनाही क्षयरोग, फोन एक, पत्ता एक, आडनाव एक. चुकून एकत्र झालेल्या नोंदीत एक जिवंत रुग्ण कागदावरून पुसला जातो आणि त्याची कुणाला आठवणही होत नाही. नोंद दोनदा राहिली तर आकडा चुकतो, चुकीची जोडली तर माणूस सुटतो. आम्ही पहिली चूक परवडेल असं ठरवलं.

रुग्णांना उपचार संपेपर्यंत जाऊ देऊ नये, असाही सूर बैठकीत निघाला. त्यावर फार वेळ गेला नाही. उचल फेडायची सोय कुणाकडे नव्हती.

उरला हाताने जुळवणीचा पर्याय : प्रत्येक नावाचा माग काढायचा आणि जोवर काही कळत नाही तोवर ते नाव एका ठरावीक माणसाच्या गळ्यात ठेवायचं. वेळखाऊ. आणि तालुक्याचे निर्देशांक काही काळ आणखी वाईट दिसणार, हेही उघड होतं.

निर्णय आणि त्यावरचा वाद

हाताने जुळवणी करायचं ठरलं, पण एका मुद्द्यावर खरा मतभेद झाला. मी म्हणत होते की घरभेट, वेगवेगळ्या वेळी केलेले फोन आणि ज्या भागात टोळी गेली तिथल्या पथकाकडे चौकशी, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय कुणालाही ‘उपचार सोडलेला’ लिहू नये. एका वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की अशाने व्याख्या सैल होते. आज चौकशीसाठी थांबलो तर उद्या प्रत्येक पथक आपले हरवलेले रुग्ण ‘चौकशी सुरू’ या नावाखाली लपवेल.

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. असं होताना मी पाहिलं आहे. म्हणून मधला मार्ग काढला. खंडाची तारीख बदलायची नाही, शेवटची गोळी कधी दिली ते कार्डावर जसंच्या तसं राहील. परिणामाचा रकाना मात्र चौकशी होईपर्यंत रिकामा ठेवायचा, आणि त्या चौकशीला मुदत आणि जबाबदार माणूस दोन्ही असतील. मुदत उलटली तर जे आहे ते लिहायचं.

दुसरा निर्णय गुप्ततेचा. तोवर तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर रुग्णांच्या याद्या नाव-गावासकट फिरत. त्या ताबडतोब थांबवल्या. गटावर फक्त निक्षय आयडी जाईल, नाव बघायचं तर कार्ड उघडायचं. फोनवर काय बोलायचं तेही ठरवलं. ‘टीबी’, ‘क्षयरोग’, ‘गोळ्या’ यांतला एकही शब्द दुसऱ्या कुणासमोर नाही. “आरोग्य केंद्रातून बोलतोय, ताईंना फोन द्याल का?” एवढंच, आणि ताई फोनवर आल्याशिवाय पुढे काही नाही. आठवणीचे फोन मुकादमाच्या क्रमांकावर जाणं बंद झालं.

प्रत्यक्ष काम

एसटीएस आणि एसटीएलएस यांना एका टेबलावर बसवणं, ही सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट. इतकं साधं काम नियमित होत नव्हतं, कारण दोघांचे दौरे वेगळे आणि अहवालही वेगळे. एकाने लॅब रजिस्टरमधली प्रत्येक पॉझिटिव्ह ओळ वाचायची, दुसऱ्याने तिचं कार्ड शोधून दाखवायचं. सापडलं नाही की ती ओळ वेगळ्या कागदावर.

नाव जुळत नसलं तर काय बघायचं, याचा अनुभव काही दिवसांत आला. वजन कामाला आलं, कारण तपासणीच्या दिवशीचं आणि उपचार सुरू होतानाचं वजन जवळपास सारखं असतं. आशाताईंचं नाव उपयोगी पडलं. पण सगळ्यांत भरवशाचं ठरलं बँकेचं खातं. निक्षय पोषण योजना 1 एप्रिल 2018 पासून सुरू आहे. तेव्हा पोषणासाठी महिना 500 रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होत (1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले). नाव, वय, गाव बदलतं, पण पैसे यायचे असल्याने खात्याचा क्रमांक माणूस नीट देतो.

मृत्यूंची जुळवणी सुरुवातीच्या आराखड्यात नव्हती. एका आशाताईंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ह्यांचं तर दिवाळीतच झालं.” ती नोंद निक्षयवर ‘परिणाम बाकी’ अशी पडून होती. त्यानंतर ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही प्रत्येक गावासाठी पाहिली. मृत्यू घडला तिथे नोंदवला जातो, त्यामुळे फडावर गेलेल्यांची नोंद गावच्या वहीत नसते. ती माहिती घरच्यांकडूनच घ्यावी लागली. अशा घरी विचारायला आशाताईच गेल्या. कार्यालयातून कुणी जाणं बरं दिसलं नसतं.

औषधविक्रेत्यांकडच्या नोंदीही चाळल्या. क्षयरोगाची औषधं 2014 पासून शेड्यूल एच-1 या औषधांच्या कायदेशीर यादीत असल्याने विक्रीची वेगळी वही ठेवणं बंधनकारक आहे. तिच्यातून खासगी डॉक्टरांकडे गेलेली थोडी नावं मिळाली, फार नाही.

एका नोंदीचा माग

एक बाई, वय तिशीच्या आसपास. सप्टेंबरमध्ये ट्रूनॅटवर क्षयरोग निघाला, रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिरोध नव्हता. उपचार सुरू झाला. ऑक्टोबरअखेर टोळीबरोबर गेली, जाताना एक महिन्याची औषधं नेली. डिसेंबरमध्ये कार्डाच्या चौकोनांत खुणा थांबल्या, जानेवारीत ती ‘उपचार सोडलेली’ होण्याच्या वाटेवर होती.

एसटीएस घरी गेले. सासूबाई दोन लहान नातवंडांना घेऊन अंगणात होत्या. “इथं न्हाई ती, कारखान्याला गेलीया.” गोळ्यांचं विचारल्यावर म्हणाल्या, “हायेत की तिच्याजवळ. तिकडच्या दवाखान्यातून घेती म्हणली.” कुठला दवाखाना, ते ठाऊक नव्हतं. कारखान्याचं नाव मात्र चटकन सांगितलं.

तेवढ्यावरून तालुका कळला. तिथल्या एसटीएसना फोन गेला. त्या नावाचं त्यांच्याकडे कुणी नव्हतं. त्या जिल्ह्यातल्या नव्या नोंदी पाहताना खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जुळले : नाव थोडं वेगळं, वय वेगळं, फोन तिसराच. जानेवारीच्या सुरुवातीला खोकला वाढल्याने ती ग्रामीण रुग्णालयात गेली होती. आधीच्या उपचाराबद्दल काही बोलली नाही, म्हणून ‘नवीन रुग्ण’ म्हणून नोंद झाली आणि चार औषधांचा पहिला टप्पा पुन्हा सुरू झाला.

कागदावर हा एक सोडलेला आणि एक नवीन असे दोन रुग्ण. प्रत्यक्षात एक बाई, जिच्या उपचारात काही आठवड्यांचा खंड पडला होता. हा फरक डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा आहे. अर्धवट उपचारानंतर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, म्हणून आधीचा उपचार कळणं आणि प्रतिरोधाची तपासणी पुन्हा होणं गरजेचं असतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं झालं, नमुना पुन्हा गेला, प्रतिरोध आढळला नाही. दोन नोंदी एक झाल्या. पट्टा पडल्यावर ती परत आली आणि उरलेला उपचार इथे पुरा केला.

या सगळ्यात एक गोष्ट निसटली. तिची दोन मुलं सासूबाईंजवळ होती, त्यांतलं धाकटं पाच वर्षांच्या आतलं. घरात थुंकी पॉझिटिव्ह रुग्ण असेल तर अशा मुलाची तपासणी करून, रोग नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार द्यायचा असतो. कार्डावर सहवासितांचा, म्हणजे रुग्णाबरोबर राहणाऱ्यांचा, रकाना भरलेला होता, मुलं त्यात होती, पण त्यांच्यापुढे तपासणीची तारीख नव्हती. ती त्या घरभेटीनंतर झाली, म्हणजे निदानानंतर चार महिन्यांनी.

निष्पत्ती

‘सोडलेले’ आणि ‘बाकी’ या रकान्यांतली निम्म्याहून जास्त नावं उलगडली. मोठा हिस्सा दुसऱ्या जिल्ह्यात औषध घेणाऱ्यांचा होता, त्यांतले काही दुसऱ्या आयडीने. थोडे मरण पावलेले होते. खरोखर औषध सोडून दिलेले लोकही होते, वाटत होते त्याहून कमी, पण होते. त्यांची कारणंही निराळी होती : गोळ्यांनी होणारी मळमळ, तोडीचे तास, बरं वाटायला लागणं.

सर्वांत चिंतेचा गट मात्र या रकान्यांत नव्हताच. लॅब रजिस्टरमध्ये पॉझिटिव्ह असलेली काही माणसं निक्षयवरही नव्हती आणि कार्डावरही नव्हती. निकाल येण्याआधीच ती निघून गेली होती. त्यांचा उपचार सुरूच झाला नव्हता, म्हणून आढाव्यात त्यांच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. ही माणसं संसर्ग पसरवण्याच्या अवस्थेत टोळीबरोबर एका कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, झोपत होती. यांतल्या काहींना फडावर गाठून औषध सुरू करता आलं, सगळ्यांना नाही.

दुहेरी नोंदी काढल्यामुळे वर्षाचा नोंदणीचा आकडा घटला. उद्दिष्टाशी तुलना करणाऱ्या तक्त्यात तालुका खाली गेला. जिल्हा अधिकाऱ्यांनी आढाव्यात त्याचं कारण लेखी मांडलं आणि पथकावर ताशेरा येऊ दिला नाही. हे त्यांनी केलं नसतं तर पुढच्या वर्षी कुणीही दुहेरी नोंद शोधायला धजावलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

वेगळं काय करता येईल

क्रम उलटा हवा. आढाव्यात विचारणा ‘सोडलेल्यां’ची होती म्हणून काम तिथून सुरू झालं. लॅब रजिस्टरपासून सुरुवात केली असती तर उपचाराविना राहिलेली माणसं दोन-तीन आठवडे आधी सापडली असती. जिथे कुठे असं काम निघेल तिथे पहिली वही तीच उघडावी.

जाण्याचा प्रश्न निदानाच्या दिवशीच विचारावा : हंगामाला जाणार का, कुठल्या कारखान्याला, टोळी कुणाची, मुकादमाचा सोडून दुसरा कुठला फोन आहे. पुढच्या वर्षी पथकाने हे दसऱ्याआधी केलं. जाणाऱ्याबरोबर जास्त दिवसांची औषधं, निक्षय आयडी लिहिलेली चिठ्ठी आणि तिकडच्या एसटीएसचा क्रमांक दिला. चिठ्ठीवर आजाराचं नाव घातलं नाही. पोर्टलवर केंद्र बदललं की आपलं काम संपलं असं धरायचं नाही, तिकडून “आलेत” असा फोन येईपर्यंत नाव इकडच्याच यादीत राहील, हाही नियम केला. तो सगळीकडे पाळला गेला नाही. काही तालुक्यांत एसटीएसचं पद रिकामं होतं, तिथे फोन उचलायलाच कुणी नव्हतं.

सहवासितांची यादी आजही पत्त्यावर बेतलेली आहे. गावी राहिलेली मुलं आणि म्हातारी माणसं एका जिल्ह्याच्या हद्दीत, कोपीत शेजारी झोपणारी माणसं दुसऱ्या. टोळीलाच एक कुटुंब धरून फडावर तपासणी करावी, असं टिपण जिल्ह्याने वर पाठवलं. त्यात अडचण हीच की एका कोपीत तपासणी झाली की रुग्ण कोण ते सगळ्या टोळीला कळतं. एका ग्रामीण रुग्णालयाने यावर उपाय म्हणून तळावरच्या सगळ्यांचीच रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि खोकल्याची एकत्र तपासणी ठेवली. अशी तपासणी हंगामात किमान दोनदा व्हायला हवी, पहिली टोळ्या तळावर उतरल्यावर लगेच. त्यासाठी लागणारं वाहन आणि तंत्रज्ञ कुठल्या जिल्ह्याने द्यायचे, यावर दोन जिल्ह्यांचा पत्रव्यवहार अजून सुरू आहे.